गाठीखालची फूट

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायचे पाच आंबे सगुणाबाईंनी आढीतून दोनदा काढले आणि दोनदा परत ठेवले. तिसऱ्यांदा काढले तेव्हा बाहेर बद्रीनाथनं मोटारसायकल चालूच करून ठेवली होती आणि जीप भरली की कोणासाठी थांबत नाही, हे तो आईला तिसऱ्यांदा ऐकवत होता. दरसाल हे आंबे निवडायला त्यांना पाच मिनिटंही लागत नसत. औंदा मात्र एकेक आंबा हातात घेऊन त्या असा न्याहाळत होत्या, जणू तोच आज साक्षीला उभा राहणार होता.

पोराला काय सांगणार? त्यानंच तर घात केला होता, आणि तोही हसतमुखानं. माघात धाकट्या भावाची, भुजंगची, बेबीनंदा परभणीहून घनसावंगीला आली होती. ती परभणीच्या विद्यापीठात आंब्यावर अभ्यास करत होती. डॉक्टर व्हायला अजून वर्ष बाकी होतं, पण जुन्या जालन्यात भुजंगचं बियाण्याचं दुकान होतं आणि तिथं येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो आत्तापासूनच "आमची डॉक्टर" म्हणून सांगत असे. गावोगावच्या गावरान आंब्यांची पानं गोळा करायची, प्रयोगशाळेत त्यांचा डीएनए तपासायचा आणि कोणतं झाड कोणत्या जातीचं, कोणाचं कोणाशी नातं, हे खुणा जुळवून ठरवायचं, असं तिचं काम होतं. ती येणार हे कळल्यावर सगुणाबाई मुद्दाम शेजारच्या गावी बारशाला निघून गेल्या. परत येऊन पाहतात तर बद्रीनाथनं स्वतः झाडावर चढून शेंड्याची कोवळी पानं तोडली होती आणि बर्फाच्या डब्यात घालून दिलीही होती. मामाची पोरगी म्हणून जरा जास्तच दिली, असं वर तो कौतुकानं सांगत होता.

तेव्हापासून तीन महिने सगुणाबाईंच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता.

या सगळ्याला निमित्त झालं ते हळद्याचं. माहेरी, वडीगोद्रीच्या शेतातला हळद्या म्हणजे कडूबांचा, सगुणाबाईंच्या वडिलांचा, बापूंचा, जीव. गर हळदीसारखा पिवळाधमक, आणि आखितीला हमखास पाड लागणारा असा हळवा आंबा त्या शिवारात दुसरा नव्हता. गेल्या ज्येष्ठातल्या वावटळीत तो मुळासकट उपटून पडला. रामरावांनी, म्हणजे थोरल्या भावानं, तीन दिवस त्याला कुऱ्हाड लावू दिली नाही. चौथ्या दिवशी लाकूड निघालं आणि पाचव्या दिवसापासून भांडण सुरू झालं.

हळद्याच्या जागी हळद्याचंच कलम लावायचं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण कलमाची काडी कोणाच्या झाडाची घ्यायची? कारण बापूंनी आपल्या चारही लेकरांना हळद्याचं एकेक कलम दिलं होतं. रामरावांचं झाड वरच्या वावरात, भुजंगचं त्याच्या वाट्याच्या तुकड्यात, चांगुणाबाईंचं अंबडजवळ त्यांच्या सासरी आणि सगुणाबाईंचं घनसावंगीला. रामराव म्हणाले, थोरला मी, खरा हळद्या माझा. भुजंग म्हणाला, बापूंच्या हातचं शेवटचं आणि सगळ्यात निगुतीनं बांधलेलं कलम माझं. शिवाय त्याला दुकानात 'कडूबा हळद्या' अशी पाटी लावून रोपं ठेवायची होती. चांगुणाबाई म्हणाल्या, लेकीला देताना बाप हात आखडत नसतो, तेव्हा खरा माझाच. हे इतकं वाढलं की दिवाळीला दोघे भाऊ एका पंगतीला बसले नाहीत आणि भाऊबीजेला सगुणाबाईंना एकाच दिवशी दोन घरी दोनदा जेवावं लागलं. त्यांच्या झाडाचं कोणी नाव काढलं नाही, कारण त्यांनी स्वतःच काढलं नाही. आक्का बिचारी भांडणात पडत नाही, असं सगळे म्हणाले.

शेवटी बेबीनंदानं तोडगा काढला. हळद्या गेला, त्याचं पानही उरलं नाही, हे खरं. पण कलम म्हणजे दुसऱ्या जमिनीत उभं असलेलं तेच झाड. चारही झाडं खरी असतील तर त्यांच्या खुणा तंतोतंत जुळतील. एखादं खोटं असेल तर ते वेगळं पडेल.

कोणतं वेगळं पडणार हे सगुणाबाईंना सत्तेचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

जीपमध्ये दोन पोती आणि एका म्हातारीच्या मध्ये अंग चोरून बसल्या बसल्या त्यांना बापूंनी लग्नात दिलेला कलमाचा कुंडा डोळ्यांपुढे दिसत होता. बापूंची कलमं बांधायची रीत वेगळीच होती. कोयीचं रोप कुंड्यात वाढवायचं, मचाण बांधून ते हळद्याच्या फांदीला भिडवायचं, दोघांची साल तासून सुतळीनं गाठ मारायची आणि वरून शेणमाती लिंपायची. एवढं सगळेच करतात. पण लोक खाली कोणत्याही रायवळ आंब्याची कोय घेतात. बापू मात्र हळद्याचीच कोय घ्यायचे. माझ्या झाडाखाली परकी मुळी चालायची नाही, असं ते ठणकावून सांगत. जाणकार लोक हसायचे, खाली कोय कोणतीही चालते, अख्खी हयात कलमं करून या माणसाला एवढंही कळू नये म्हणायचे. बापूंवर त्याचा काडीचाही परिणाम होत नसे. आणि लेकरांना त्यांची एक ताकीद असे. गाठीच्या वर फुटेल तो हळद्या, गाठीखाली फुटेल ती कोयीची फूट. ती दिसली की नखानं खुडायची, दया करायची नाही.

सोळाव्या वर्षी सगुणाचं लग्न झालं तेव्हा नवरीसोबत पाठवायला घरात चांगुणाशिवाय दुसरी धाकटी पोर नव्हती. आणि ती तापानं फणफणली होती. बापूंनी बैलगाडीत तो कुंडा ठेवला आणि म्हणाले, हीच तुझी पाठराखीण. तेव्हापासून त्या घरात कलमाला पाठराखीणच म्हणू लागले.

पहिल्या आखितीला सगुणा माहेरपणाला आली, महिनाभर राहिली आणि परत गेली तर सासूच्या शेळीनं पाठराखिणीचा शेंडा गाठीपर्यंत खाऊन टाकला होता. वरचा बुडखा वाळून कोळ झाला होता. आणि गाठीखाली, दोन बोटांवर, तांबूस कोवळी फूट आली होती. सोळा वर्षांची ती पोर त्या फुटीपाशी कितीतरी वेळ नख पुढे करून बसली. खुडली तर बापाचं काहीच उरत नव्हतं. ठेवली तर जे उरत होतं ते हळद्या नव्हतं. तिनं नख मागे घेतलं आणि गाठ झाकेल एवढी माती बुडाशी ओढली. कोणाला काही सांगितलं नाही.

दिवाळीला बापू न्यायला आले तेव्हा झाडापाशी उकिडवे बसले. पानं चुरून वास घेतला, बुडाच्या मातीवरून हात फिरवला. "पाणी बराबर घाल," एवढंच म्हणाले. सगुणाला वाटलं, सुटले.

पण माणूस असा सुटत नसतो. दहा वर्षांनी झाडाला पहिला बार आला तेव्हा त्यांनी पाच आंबे माहेरी नेले, आणि तिथं कळलं की घराची एक जुनी रीत आहे. आखितीला प्रत्येकानं आपल्या झाडाचे पाच आंबे आणायचे, आणि सगळ्यांचा रस एकाच पातेल्यात काढायचा. वाडवडलांपासून चालत आलंय, मधे झाडं कमी होती म्हणून राहून गेलं, असं बापूंनी सांगितलं. पुढं रामरावांचं झाड धरलं, चांगुणाचं धरलं, भुजंगचं धरलं, पातेलं मोठं होत गेलं. कोणाचा रस कसा हे कोणाला कधी कळलं नाही. त्या रीतीच्या आडोशानं सगुणाबाईंनी अडतीस आखित्या काढल्या. मधे बापू गेले. बापाला फसवलं, आणि तो फसलेलाच गेला, ही सल मात्र वर्षागणिक खोल जात राहिली. आता आज सगळ्यांसमोर ती उघडी पडणार होती. घनसावंगीचं झाड खोटं ठरेल याचं त्यांना तितकं वाईट वाटत नव्हतं. माहेरच्या पातेल्यात आपले पाच आंबे पडतात, हाच त्यांचा या घरातला हक्क होता. तो गेल्यावर इथं यायचं कोणत्या तोंडानं?

वडीगोद्रीच्या फाट्यावर भुजंगच गाडी घेऊन उभा होता. तो खुशीत दिसला. निकाल आला आहे, म्हणाला, पण पोरगी बापालासुद्धा सांगत नाही, पाकिटाला हात लावू देत नाही.

"आक्का, तुला काय वाटतं, कोणाचं खरं निघंल?" त्यानं विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं," सगुणाबाई म्हणाल्या आणि पिशवी पोटाशी धरून बसल्या.

घरी पोचल्या तर चांगुणाबाई आधीच येऊन ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. रामराव घागर भरायच्या तयारीत होते. आखितीला पितरांची घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा, आणि तोवर त्या घरात कोणी आंबा तोंडात घालत नसे. बेबीनंदा खांबाला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर पिवळं पाकीट होतं. तिनं उठून आत्याच्या पाया पडताना हळूच दंडाला धरून त्यांच्याकडं पाहिलं. त्या पोरीला सगळं कळलेलं आहे, हे सगुणाबाईंनी त्या एका नजरेत ओळखलं.

निकाल जेवणाआधी की नंतर, यावरून पहिली खडाखडी झाली. रामरावांना आधी हवा होता, म्हणून भुजंगला नंतर हवा झाला. चांगुणाबाई आधी थोरल्याच्या बाजूनं बोलल्या, मग पुरणाचा वास आला तशा धाकट्याच्या बाजूला सरकल्या. एवढ्यात भुजंगला नवीनच सुचलं. तो म्हणाला, पाकीट राहू द्या, आधी जिभेची परीक्षा घेऊ. आज रस एकत्र काढायचा नाही. चार वाट्या, चार झाडं, ज्याची त्याची चव ज्याला त्याला कळेल.

आणि रामराव चक्क हो म्हणाले. ज्येष्ठापासून दोघा भावांचं ज्या पहिल्या गोष्टीवर जमलं ती नेमकी ही असावी, याला काय म्हणावं! चांगुणाबाईंनीही मान डोलावली. सगुणाबाई पिशवी उचलून आत गेल्या.

चुलीपाशी द्वारकाबाई परात पुढ्यात घेऊन आंबे माचत, म्हणजे दाबून मऊ करत, बसल्या होत्या. रामरावांशी लग्न होऊन या घरात आल्याला त्यांना आता पन्नास वर्षं होत आली, आणि त्यातल्या चाळीसेक वर्षांचा रस त्यांच्याच हातचा होता. भुजंगचा हुकूम ओसरीवरून आत ऐकू आला होताच.

"चार वाट्या बिट्या काही न्हाई होणार," त्यांनी जागेवरूनच बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "रीत हाये ती हाये. ज्याला मोडायची असंल त्यानं आत येऊन सोताच्या हातानं रस काढावा."

बाहेरून कोणी आत आलं नाही. त्या घरातल्या पुरुषांनी आजवर चुलीपाशी येऊन काही काढलेलं नव्हतं. सगुणाबाईंनी आपले पाच आंबे परातीत ठेवले.

"वयनी, मला तुमच्यापाशी एक सांगायचं..."

"काही सांगू नका. बसा. पाणी प्या." द्वारकाबाईंनी तांब्या पुढे सरकवला. "उन्हातून आल्यात."

पाणी पिता पिता सगुणाबाईंच्या मनात आलं, हिला आपली दया आली आहे का? की हिला काहीच माहीत नाही, नुसतीच रीतीची चाड आहे? काही असलं तरी हा आडोसा फार तर अर्धा तास पुरणार होता. मग ते पाकीट फुटणारच होतं. त्या पोरीच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून गेलेलं बरं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि वाटल्यासरशी त्या उठल्या. विचार करत बसल्या असत्या तर उठल्याच नसत्या.

ओसरीवर येऊन त्या उंबऱ्याजवळच उभ्या राहिल्या.

"बेबे, पाकीट फोडू नको. मीच सांगते. माझं झाड हळद्या न्हाई."

चांगुणाबाईंनी पसरलेले पाय जवळ घेतले. भुजंग हसू की नको अशा तोंडानं बघत राहिला.

सगुणाबाईंनी मग सगळं सांगितलं. शेळी, वाळलेला बुडखा, गाठीखालची फूट, वरून ओढलेली माती. सांगताना त्या कोणाकडं बघत नव्हत्या, समोरच्या घागरीकडं बघत होत्या. इतकी वर्षं जे आंबे या घरात आणले ते कोणत्या जातीचे हे आपल्यालाच माहीत नाही, पातेल्यात घालायचा आपल्याला हक्क नव्हता आणि आपण घालत आलो, असं त्या म्हणाल्या.

मग रामरावांनी विचारलं, "बापूला सांगितल्तं?"

"न्हाई."

"कधीच न्हाई?"

"हिंमत न्हाई झाली, दादा. त्यो झाडापाशी बसला तवा सांगणारच होते. मंग म्हन्लं पुढच्या खेपेला. असं करता करता त्योच गेला."

रामरावांनी मान फिरवली. रागावले होते की नाही हे कळेना. भुजंग पुटपुटला की आक्का, एक नवं कलम मागितलं असतंस तर बापूनं काय नाही म्हटलं असतं? ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सगुणाबाईंना रडू आवरेना. सोळाव्या वर्षी एवढी साधी गोष्ट सुचली नाही, आणि सुचली तेव्हा उशीर झाला होता.

"आत्या, आता मी बोलू?" बेबीनंदानं विचारलं. तिनं पाकीट फोडलं आणि आतून एक काळा फोटो काढला. त्यावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या होत्या, चार उभ्या रांगांमध्ये. सगळे वाकून बघू लागले; द्वारकाबाई आतून घागरीपाशी येऊन परत गेल्या, तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. भुजंगनं चष्मा शोधला, तो त्याच्या डोक्यावरच होता.

"हे बघा, झाडाच्या डीएनएमध्ये प्रत्येक जागी दोन खुणा असतात. ज्या झाडाला फळ लागलं त्या आईकडून एक आणि जिथून फुलात पराग आला त्या बापाकडून एक. मी अशा बारा जागा तपासल्या. मोठे काका, चांगुणा आत्या आणि आमचं झाड, तिघांच्या बाराही जागी दोन्ही खुणा सारख्या. म्हणजे ती तीन झाडं न्हाईत, एकच झाड हाये. तुम्ही वर्षभर एकाच झाडासाठी भांडून राह्यलात."

दोघा भावांनी एकमेकांकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. चांगुणाबाई मात्र मोकळेपणानं हसल्या.

"आता मोठ्या आत्याची रांग." बेबीनंदानं शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं. "बाराही जागी एक खूण वेगळी. कुठल्यातरी परक्या झाडाची. पण दुसरी खूण बघा. बाराही जागी ती हळद्याची हाये. एकही जागा चुकलेली न्हाई."

"म्हंजे काय?" सगुणाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

"म्हंजे आत्या, आमच्या तिघांकडं हळद्या हाये. तुझ्याकडं हळद्याची लेक हाये."

रामराव एकदम ताठ बसले. कोय, ते म्हणाले. बापू खाली कोय हळद्याचीच घालायचा. लोक हसायचे त्याला. परकी मुळी चालायची न्हाई म्हणायचा. गाठीखाली जे फुटलं ते हळद्याच्याच पोटचं होतं. दुसऱ्या कोणा शहाण्या माणसानं ते कलम बांधलं असतं, तर शेळीनं खाल्ल्यावर घनसावंगीला हळद्याचं नावसुद्धा उरलं नसतं. बापूंच्या हट्टानं ते उरलं होतं.

सगुणाबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. सत्तेचाळीस वर्षं आपण कोणाला पाणी घालत होतो, हे त्यांच्या आत हळूहळू उतरत होतं. बरं वाटत होतं, पण सगळं बरं वाटत नव्हतं. झाड बापूंच्या घरचं निघालं, ठीक. पण आपण बापूंशी खोटं वागलो, ते होतं तसंच होतं, ते कुठल्या फोटोत खरं होणार नव्हतं. डोळे पुसत त्यांनी तेच बोलून दाखवलं. झाडाचं मिटलं, माझं काही मिटलं न्हाई, म्हणाल्या.

"तुमचं कधीचंच मिटलंय," मागून द्वारकाबाई म्हणाल्या. कोपरापर्यंत रसानं माखलेले हात तसेच पुढे धरून त्या दारात उभ्या होत्या.

"तुमी पहिल्यांदा पाच आंबे घेऊन आल्त्या त्या आखितीला मामांजींनी त्यातला एक उचलला आन् परसात जाऊन खाल्ला. मी भांडी घासत व्हते. कोय त्यांनी कितीतरी वेळ चोखली. मंग माझ्यापाशी आले. म्हन्ले, द्वारके, आजपासून समद्यांचा रस एकाच पातेल्यात काढायचा. कुनी इचारलं तर सांग, वाडवडलांची रीत हाये."

"पण ती तर वाडवडलांचीच..." भुजंग म्हणाला.

"कशाची वाडवडलांची. त्या दिवशीची. त्याच्याआधी या घरात एकच झाड फळाला व्हतं, मिसळायचं काय कपाळ? मी इचारलं, मामांजी, कामून? तर म्हन्ले, पोरीच्या हातून गाठ गेलीया. मला दिवाळीलाच दिसलं व्हतं. तिनं सांगितलं न्हाई, तवा तिला इचारायचं न्हाई. तिचा आंबा येगळा पडला न्हाई पायजे."

सगुणाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

"आन् मला काय कळत न्हाई व्हय," द्वारकाबाई आता जरा नरमाईनं बोलत होत्या. "तुमच्या आंब्याला रेषा कमी, कोय चपटी. डोळे झाकून माचला तरी हाताला समजतं. चाळीस वर्सं झाली. पन मामांजींनी सांगितलं व्हतं, मंग मी कशाला बोलू."

"वयनी, मला तरी सांगायचं होतं," सगुणाबाई कशाबशा म्हणाल्या.

"तुमी कुठं मला सांगितलं?" द्वारकाबाईंनी विचारलं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि आधी चांगुणाबाईंनाच रडू फुटलं.

रामरावांनी थोरल्या भावाच्या आवाजात पुढचं ठरवून टाकलं. काडी कोणाच्याही झाडाची घ्या, तीनही एकच आहेत, भुजंगची घ्या वाटलं तर. भुजंग लगेच म्हणाला, नको दादा, तुझीच घेऊ. आता त्यावरून नव्यानं भांडण लागतं की काय असं वाटत असतानाच रामराव म्हणाले, पण खालची कोय मात्र सगुणाच्या आंब्याची. बापूच्या झाडाखाली परकी मुळी चालायची नाही. आज जेवणं झाली की तिच्या कोया कोणी फेकू नका, धुऊन सावलीत ठेवा. मृगात कुंड्यात घालू.

"चारच मिळतील," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कामून? पाच आणलेत तिनं," भुजंग म्हणाला.

"त्यातले मी चारच माचते. पहिल्यापासून. मामांजी व्हते तवर एक त्यांना लागायचा, परसात बसून एकटेच खायचे. ते गेल्यावर मंग तो कुनाला देणार?" द्वारकाबाईंनी रसानं माखलेल्या हातानंच घागरीकडं खूण केली.

सगुणाबाई उठून घागरीपाशी गेल्या. दर आखितीला त्या घागरीवर एक आंबा असायचा, हे त्यांनी किती वर्षं पाहिलं होतं. तो कोणाच्या झाडाचा हे कधी पाहिलं नव्हतं, कारण या घरात आंब्याकडं नीट बघायची त्यांनाच भीती वाटायची. आज त्यांनी वाकून पाहिलं. देठाजवळ तिरपा, खालची चोच जरा पुढे आलेली. आज पहाटे आढीतून तिसऱ्यांदा काढला होता तोच.

त्यांनी तो उचलला, पदरानं पुसला आणि आपल्या हातानं परत घागरीवर ठेवला.

"बापू, शेळीनं खाल्लं व्हतं," त्या म्हणाल्या.